टेकडीवरची खोटी तोफ

मी एक जुनी तोफ आहे. खरं सांगायचं तर खोटी तोफ आहे. बोटभर लांब, आणि तीही प्लॅस्टरची.

आमची ताई दातांच्या कवळ्या बनवते. एकदा कुणाच्या तरी जबड्याचा साचा काढल्यावर वाडग्यात थोडं प्लॅस्टर उरलं, त्यातून तिने मला घडवलं. नळी म्हणून पेनाची संपलेली रिफिल खोचली. रंग मात्र फक्त पुढच्या बाजूला दिला. ताईचा धाकटा भाऊ टेबलाच्या पलीकडे बसतो, त्याला माझं तोंडच तेवढं दिसतं. मग मागे रंग कशाला वाया घालवायचा? म्हणजे बघा मित्रांनो, माझं रूप शत्रूसाठी आणि कोरी पाठ घरच्यांसाठी.

सुट्टीच्या दिवशी ही भावंडं जेवणाच्या टेबलावर खेळातली टेकडी आणि झाडी उभारून लढाई मांडतात. ताईकडे तोफा दोन, पण डागता येते एकच. जिच्या बुडाला लाल कागदाचा ठिपका, ती खरी. तो कुणाला लावायचा हे ताई खेळाआधी गुपचूप ठरवते, आणि भावाचे घोडेस्वार तोफेपर्यंत पोचले तरच त्याला ती उलटून बघता येते.

ठिपका कायम दुसरीलाच. ती ओतीव धातूची, विकत आणलेली, चारी बाजूंनी चकचकीत. मी तिला बाईसाहेब म्हणते. मी टेकडीवर उन्हातान्हात उभी राहायची, बाईसाहेब खाली झाडीत आरामात. भाऊ सगळे घोडेस्वार माझ्यावर सोडायचा, मला उलटायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. तेवढ्यात बाईसाहेब बाजूने धडाका लावायच्या. मार खायला मी, मिरवायला त्या!

खेळ संपला की ताई त्यांना मऊ ब्रशने पुसायची आणि चष्म्याच्या मखमली घरात निजवायची. ते घर भावानेच आपल्या चष्म्याच्या दुकानातून आणून दिलेलं. मी मात्र बिस्किटांच्या डब्यात, झाडं आणि मोडके शिपाई यांच्याबरोबर. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एक रात्र तरी त्या मखमलीवर पडावं, एवढंच मागणं होतं माझं.

पण पुढे भाऊ शहाणा झाला. टेकडीवरची तोफ खोटी, हे त्याला पाठ झालं. तो माझ्याकडे ढुंकूनही बघेना आणि ताई लागोपाठ हरू लागली. शेवटी मला टाकून नवी तोफ करायची, असं ती बोलून गेली. माझं प्लॅस्टर गार पडलं. मखमल राहिली दूर, आता डबाही जाणार होता.

पुढच्या खेळाआधी ताईने मला उचललं. वाटलं, संपलं सगळं. तिने बाईसाहेबांचा ठिपका नखाने काढला आणि माझ्या बुडाला चिकटवला. मग मला ठेवलं टेकडीवर, नेहमीच्याच जागी.

भावाचे घोडेस्वार माझ्या समोरून हसतखेळत झाडीकडे गेले. त्याने बाईसाहेबांना उलटलं, तर बूड कोरं. त्याच वेळी टेकडीवरून मी धडाडले.

हरलेला भाऊ उठून ताईच्या बाजूला आला आणि मला बघून थबकला.

“ताई, उलटताना कधी लक्षातच आलं नाही, हिची पाठ कोरीच आहे की गं. पुढून केवढी देखणी आहे.”

ताईने मला वळवून हातात धरलं. “कितीतरी वर्षांनी बघतेय मी हिचं तोंड,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने माझी पाठ रंगवली. रंग वाळल्यावर मला मखमलीवर ठेवलं आणि झाकण लावलं. बाईसाहेब गेल्या डब्यात. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

थोड्या वेळाने डब्यातून खुसखुस ऐकू आली. मोडके शिपाई बाईसाहेबांना माझ्या टेकडीवरच्या गमती सांगत होते, आणि त्या खळखळून हसत होत्या. माझे शिपाई, माझ्या गमती! मी एकटीच मखमलीवर पडून परत जळू लागले.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आपल्या खेळण्यांना रंग द्याल तेव्हा पाठीलाही द्या. आणि आवरताना सगळ्यांना एकाच डब्यात ठेवा. बाईसाहेब शेजारी असल्या तरी माझी हरकत नाही. फक्त त्यांना जरा सरकून बसायला सांगा.