खंडेनवमीला पुजलेली शाको

आमच्या फ्लॅटमधली एक खोली टोपीची आहे. लोक हसतात, हसू देत.

तिला शाको म्हणतात. नेपोलियनच्या पायदळातले शिपाई ती घालायचे. दाबलेल्या काळ्या लोकरीची, उंच, डब्यासारखी, वरचा तळ चामड्याचा, आणि कपाळावर पितळेचा पत्रा. पत्र्यावर गरुड, त्याच्याखाली पलटणीचा आकडा आरपार कापलेला. फ्रान्समधल्या एका लिलावात मी ती घेतली तेव्हा आमची शिवांगी रांगत होती. आता ती कॅनडात नोकरी करते आणि फोनवर विचारते, "बाबा, हाऊज द हॅट?" माझी चौकशी त्यानंतर.

बहरीनच्या दमट हवेत अशी वस्तू टिकवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्या खोलीत एसी कायम चालू. पडदे बंद. आत उदबत्ती नाही, ओले हात नाहीत, पाहुणे तर नाहीतच. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्याही हॉलमध्ये झोपल्या. नीला, माझी बायको, नुसती गादी घालत राहिली.

आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं. शहरातल्या अदलिया भागातल्या एका गॅलरीत जुन्या लष्करी पोशाखांचं प्रदर्शन भरणार होतं. ते मांडणाऱ्या मादाम बेर्तँ यांनी माझ्याकडच्या टोपीचे फोटो मागवले. पाहून त्यांनी फोन केला. पितळेवर चढलेला काळपट थर मूळचा दिसतोय, म्हणाल्या, त्याला कुणी हात लावलेला नाही, अशी वस्तू क्वचित मिळते. प्रत्यक्ष पाहून तो थर खरा वाटला की काचेच्या पेटीत टोपी आणि खाली तुमचं नाव. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. माझं नाव लागलं ते फक्त केबिनच्या दारावर, तेही दोनदा चुकीच्या स्पेलिंगने. त्या रात्री मला झोप आली नाही.

दसऱ्याच्या सकाळी टोपी न्यायची होती. खोका मी दोन दिवस आधीच नीट भरून ठेवला होता. निघताना उघडला नाही, कारण उघडला की दमट हवा आत जाते. हा नियम माझाच.

गाडी लतीफने चालवली. लतीफ रत्नागिरीचा, माझा ऑफिसातला सहकारी. मी मागे खोका मांडीवर घेऊन बसलेलो.

"शरदभाऊ, लेकीला सासरी पोचवायला निघालास काय?" तो आरशात बघून म्हणाला. मी खोका आणखी घट्ट धरला. मनातून मलाही तसंच वाटत होतं.

गॅलरीत मादामनी पांढरे हातमोजे चढवले. मी झाकण काढलं, कागद बाजूला केला, आणि गरुड लखकन चमकला.

तांब्या-पितळेच्या दुकानातली नवी परात चमकते तसा. कडांना पितळ गुलाबी झालं होतं. पत्र्याभोवतीची लोकर ओली होऊन ताठरली होती. खोक्यातून चिंचेचा वास आला. तो वास मी ओळखला, देवाची भांडी घासताना येतो तो.

मादामनी भिंग लावून पलटणीच्या आकड्याच्या फटीत पाहिलं. "हे लाल काय आहे?"

कुंकू. फ्रेंच बाईला कुंकू काय सांगणार? मी सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची पूजा करतात, त्याआधी ती घासूनपुसून लख्ख करतात, हे इंग्रजीत सांगताना मला स्वतःलाच मी वेडा वाटायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की आता हा पत्रा जुना आहे की नवा बनवलेला, हे त्या छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. पेटीत दुसरी टोपी ठेवतील. त्यांनी झाकण इतक्या अलगद लावलं की मला रडू आलं असतं.

परतताना लतीफने सगळं ऐकून घेतलं. "खलास झालं ते झालं," तो म्हणाला. "घरी जाऊन वैनीशी भांडू नको. मफी फायदा, काही उपयोग नाही."

मी भांडणारच होतो. सलमानियाच्या सिग्नलपर्यंत माझी वाक्यं तयार होती.

दार नीलानेच उघडलं. नेसायची साडी इस्त्री करून सोफ्यावर ठेवलेली. उद्घाटनाची. "काय म्हणाल्या बाई?" तिने विचारलं. "चमकलेली बघून खूश झाल्या असतील ना?"

मग मी बोललो. सगळं बोललो. दोनशे वर्षांचा थर तू एका सकाळी धुऊन टाकलास, म्हणालो. माझ्या एकुलत्या एका गोष्टीला हात लावायला तुला कुणी सांगितलं, म्हणालो. अडाणी हा शब्दही तोंडातून गेला. गेला तो गेलाच.

ती उभीच होती. "खंडेनवमी होती," ती म्हणाली. "दरवर्षी विळी ठेवते, तुमचा लॅपटॉप ठेवते, गाडीची किल्ली ठेवते. हिला कधी ठेवलं नव्हतं."

"मग याच वर्षी का?"

"राग यायचा मला तिचा. तिला खोली, तिला एसी, आणि माझी आई हॉलमध्ये. तरी पाहुणी म्हणून सांभाळलं मी तिला." तिने सोफ्यावरची साडी उचलून हातात धरली. "यंदा तुमचं नाव होणार होतं तिच्यामुळे. म्हटलं, एकदा तिला घरातली म्हणू. घरातली हत्यारं काय आपण काळी ठेवून पुजतो?"

मी खोका टीपॉयवर ठेवला आणि पाणी प्यायला वळलो.

नीला पुढे झाली, खोका उचलून त्या खोलीत न्यायला. हात खोक्यापर्यंत गेले आणि थांबले. मग तिने ते मागे घेतले.

"तुम्हीच ठेवा आत," ती म्हणाली.