तुटक रेघ

मुलांनो, डोळे मिटा आणि अंगावर कांबळं ओढून घ्या. आपण घसरगाडीत बसलो आहोत. खाली कॅनडातल्या सस्कॅचेवानचा सपाट माळ, त्यावर नोव्हेंबरातलं पातळ बर्फ. धुकं इतकं दाट, की गाडी ओढणाऱ्या घोडीचे कानसुद्धा दिसत नाहीत.

लगाम सिग्त्रिगच्या हातात आहे. शेजारी त्याची लेक गुडनी, मांडीवर एक कागद धरून. गुडनीची आई मावशीच्या शेतावर बाळंतपणाला गेली होती आणि सकाळीच निरोप आला होता की तिची प्रकृती बरी नाही. मोठ्या रस्त्यानं जायचं तर दिवस मोडला असता. शाळेत सरकारी नकाशा नवाच आला होता. त्यातली शेतं, तळी, वाटा गुडनीनं पेन्सिलीनं कागदावर उतरवून आणल्या होत्या. आइसलँडहून आलेल्या सिग्त्रिगला तिकडची जुनी लिपी वाचता येई, इंग्रजी नाही. तो लेकीच्या भरवशावर निघाला. या तुटक रेघेनं चला, ती म्हणाली होती, ही पायवाट.

घोडी थांबली.

"हिला शाळेत घातली नाही ना, म्हणून अडते," सिग्त्रिग म्हणाला आणि त्यानं लगाम हलवला.

घोडी दोन पावलं गेली. गाडीखाली कुणी जड पेटी ओढावी तसा लांबलचक आवाज झाला.

गुडनीनं कागदाकडे पाहिलं. शाळेतल्या नकाशात पायवाटा तुटक होत्या, पण काळ्या. जी तळी एखाद्या वर्षी भरतात, एखाद्या वर्षी आटतात, त्यांचे काठही तुटकच, पण निळे. तिच्या पेन्सिलीला एकच रंग होता. आणि अशी तळी खारी असतात, खारं पाणी उशिरा गोठतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"बाबा, ही वाट नाही. हा तळ्याचा काठ आहे. आपण आत आलोय."

सिग्त्रिग रागावला नाही. त्यामुळेच ती जास्त घाबरली.

"हलू नकोस, पोरी," तो हळूच म्हणाला. "जमीन कुठल्या अंगाला?"

ते कागदावरून कळणार नव्हतं. त्यानं उतरायला पाय खाली टेकला तसं बर्फ पुन्हा कण्हलं. त्यानं पाय वर घेतला आणि लेकीकडे पाहिलं. दोघांत हलकी तीच होती. तिला जा म्हणायला त्याची जीभ उचलेना.

गुडनीनं हातमोजे काढले. गाडीच्या मागून ती घसरत उतरली, पोटावर आडवी झाली आणि गाडीनं बर्फात पाडलेली खाच उघड्या हातानं चाचपत मागे सरकू लागली. थोड्या वेळानं वळून पाहिलं तर गाडी दिसेना. मग तळहाताला काठावरच्या गवताचा ताठ खुंट टोचला. तिनं तो मुठीत घट्ट धरला आणि आवाजाच्या रोखानं यावं म्हणून बाबांना हाका मारू लागली, एकामागून एक, न थांबता.