लल्ला इज्जाची हिरवी सायकल

मित्रांनो, मी तारुदांत गावची एक जुनी सायकल आहे. माझा हिरवा रंग उडाला असला, तरी या गावात माझा मान मोठा आहे.

सी हम्मूच्या दुकानात मी आले, तेव्हा मला पुढचा एकच ब्रेक होता. मागचा ब्रेक, घंटी, दिवा, चेनकव्हर, कॅरिअर हे सारे हम्मू वेगळे विकायचा.

मला घ्यायला आली सुईण लल्ला इज्जा. आमच्याकडे मानाने पुरुषाला 'सी' आणि बाईला 'लल्ला' म्हणतात.

"सी हम्मू, ही अर्धीच का विकतोस रे?"

"अर्धी कुठंय? चालते की! बाकीचं सगळं हौसेचं."

"हौसेचं? माझा पायघोळ झगा साखळीत अडकला तर तोंडावर आपटेन मी! आणि औषधांची पेटी काय डोक्यावर घेऊ? अरे, माझ्या हातात येणारी बाळं नाक-कान घेऊन येतात. ते बाजारातून आणा, असं मी कुणाला सांगत नाही!"

बाहेर संत्री विकणाऱ्या बायका खो खो हसल्या. हम्मूचे कान लाल झाले. पण पुटपुटत का होईना, त्याने मला सगळे बसवून दिले. घंटी लागली तेव्हा मला वाचाच फुटली!

मग आम्ही दोघी गावोगाव हिंडलो. एकदा पुरात डोंगराकडचा रस्ता वाहून गेला, आणि नेमकी त्याच दिवशी पलीकडच्या वस्तीत हम्मूची लेक तुदा अडली. हम्मू धावत आला.

"लल्ला, माझी पोर..." तो रडू लागला.

"रडतोस काय? पेटी बांध मागे!"

आम्ही दरीकाठची पाऊलवाट धरली, तर उतारावर अचानक शेळ्यांचा कळप आडवा आला. मी जिवाच्या आकांताने घणघणले. शेळ्या पांगल्या, पण एक करडू मधोमध उभेच! इज्जाने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. करडापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. एकट्या पुढच्या ब्रेकने तिला दरीतच फेकले असते.

ऊन उतरता उतरता तुदाला मुलगी झाली. अंगणात स्टँडवर उभी राहून मी तिचे पहिले रडणे ऐकले.

हम्मूने दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या साऱ्या सायकली पुऱ्या करायला घेतल्या. "घंटीचे वेगळे किती?" एका गिऱ्हाइकाने विचारले.

"वेगळं काही नाही! अपुरी सायकल माझा उंबरा ओलांडणार नाही."

मित्रांनो, नवी सायकल घ्याल तेव्हा नुसत्या रंगाला भुलू नका. दोन्ही ब्रेक दाबून पाहा, दिवा लावून पाहा. मग तिला तेलपाणीही वेळेवर करा. आमच्या गावच्या बायका हे कधीच शिकल्या. बाजाराच्या दिवशी त्या वेशीतून सायकलींवरून येतात, सगळ्यांच्या पुढे माझी इज्जा असते, आणि आमच्या घंट्यांनी सारी वेस दुमदुमते!