मुक्काम पोस्ट गुडघा

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. माझा मुक्काम एका बाईंच्या उजव्या गुडघ्यात असतो. एखाद्याची समज कमी पडली, की 'याची अक्कल गुडघ्यात' असं तुम्ही हिणवून म्हणता. मी तिथे वीस वर्षं काढली आहेत. तिथे भरपूर अक्कल लागते, हे मी छातीठोकपणे सांगते.

माझा जन्म मात्र मांडीतला. मागच्या बाजूच्या एका स्नायूला हाडाशी बांधून ठेवायचं माझं काम. आमच्या बाई अग्निशमन दलात आहेत. आग लागली की शिडीवर सगळ्यांच्या पुढे त्याच, म्हणून त्यांचं नाव पडलं शिडीताई. एकदा केंद्राच्या आवारात व्हॉलीबॉल खेळताना त्यांनी उडी मारली, पाय टेकला आणि गुडघा वळला. वरचं आणि खालचं हाड धरून ठेवणारं आतलं लिगामेंट फाटलं. आगीला न घाबरलेल्या बाई एका चेंडूपायी आडव्या झाल्या.

पुढे चालताना गुडघा मध्येच दगा देऊ लागला. साहेबांनी त्यांची बदली ऑफिसातल्या टेबलावर करायचं ठरवलं. शिडी सुटणार म्हणून बाई रडल्या. मग हाडांच्या डॉक्टरांनी मला मांडीतून काढलं, घड्या घालून जाड केलं आणि फाटलेल्या लिगामेंटच्या जागी ओवून पक्कं बसवलं. बाईंची बदली टळली, माझी झाली.

नव्या जागी मला करमेना. रक्ताचा पुरवठा तुटलेला, त्यामुळे मी मऊ पडत चालले होते. गंमत म्हणजे नेमकं तेव्हाच बाईंचं दुखणं थांबलं. त्या व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओताईंना म्हणाल्या, "उद्यापासून पळू का?"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ताई हसल्या. "तुमच्या गुडघ्याला हा पट्टा आहे तेवढा पुरे. आतली दोरी अजून कच्ची आहे, तिला मुरू द्या."

बाईंनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. हळूहळू माझ्यात रक्त खेळू लागलं आणि मी अंगाने बळकट झाले. वर्ष उलटल्यावर शिडीताई पुन्हा शिडीवर चढल्या. खालून टाळ्या पडल्या, त्यातल्या निम्म्या मी माझ्याच समजते. पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघींनी शिडी गाजवली.

गेल्या वर्षी मात्र जिना उतरताना गुडघा दुखू लागला. बाईंची आई काळजीने म्हणाली, "पुरे झाली शिडी. दुरुस्त केलेला पाय आहे, जप गं." बाईंनी जपायला घेतलं. जिना सोडला, व्यायाम सोडला. जपावं तितकं दुखणं वाढत गेलं. त्यातच दलाची शिडी चढण्याची चाचणी तोंडावर आली. नापास झालं की तेच टेबल.

"दोरी तुटली असणार," बाई फिजिओताईंना म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या चाकरीवर एका वाक्यात पाणी!

ताईंनी नडगी पुढे ओढून पाहिली. मी जीव खाऊन धरून ठेवलं.

"दोरी शाबूत आहे," ताई म्हणाल्या. "हाडांच्या टोकांवरची गादी, म्हणजे कूर्चा, थोडी झिजलीय. असा मार बसलेल्या गुडघ्यात ती लवकर झिजू शकते. पण ही मांडी बघा, पार आळशी झालीय. सगळा भार सांध्यावर येतोय."

"अहो, मी तर जपत होते."

"गुडघा म्हणजे ठेवणीतली कपबशी नाही. कामात ठेवाल तर टिकेल."

बाई पुन्हा व्यायामाला लागल्या. मांडी आधी कुरकुरली, मग कामाला आली. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण जिना उतरताना कठड्याची गरज उरली नाही.

मित्रांनो, तुमचेही गुडघे असेच गुपचूप राबत असतात. दुखलं तर दाखवा, कच्चं असेल तर धीर धरा, पण बरं झाल्यावर आम्हाला कपाटात ठेवू नका. आम्हाला काम द्या.

चाचणीच्या दिवशी आई आवारात येऊन उभी राहिली. खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन बाई अर्ध्या शिडीवर पोहोचल्या, तेव्हा तिला राहवलं नाही. ती खालून ओरडली, "पाय जप गं!"

"जपतेच आहे, आई," बाई म्हणाल्या, आणि उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला.