मंजुषाच्या पायातला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पण मला विहिरीवर शोधू नका, सायकलच्या दुकानातही शोधू नका. चिखलीच्या मंजुषाताईंच्या कृत्रिम पायात, पोटरीच्या जागी मी बसतो. आकाराने लहानशा पेरूएवढा. मी पाणी नाही, हवा उपसतो.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. लेथवर माझे अंग कातले, पोटात रबराचा पडदा बसवला आणि हवेला फक्त बाहेर जाऊ देणारी झडप दिली. मंजुषाताई गुडघ्याखाली उरलेल्या पायावर लाइनर नावाचा मऊ मोजा चढवतात, तो सॉकेट नावाच्या कडक खोळीत घालतात आणि वरून मांडीपर्यंत स्लीव्ह, म्हणजे रबरी बाही, ओढून घेतात. त्यांनी टाच टेकवली की मी आतली हवा बाहेर काढतो. हवा गेली की सॉकेट अंगाला असे बिलगते, जसे कडेवरचे लेकरू. पट्टा नको, बक्कल नको.

ताईंचा पाय चाकणच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याआधी त्या कंपनीत गाड्यांचे वायरिंग बांधायच्या. तिथे तारा मांडायचे मोठे फळे पट्ट्यावरून सावकाश पुढे सरकतात आणि बायका त्यांच्याबरोबर चालत तारा बांधतात. अपघातानंतर ताईंना स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. खुर्ची वाईट नव्हती, पण त्यांचे डोळे सारखे लाइनकडे जायचे. शेवटी सुपरवायझर गणराज सर म्हणाले, "एक अख्खी शिफ्ट लाइनवर काढून दाखवा मॅडम, जागा तुमचीच. पण फळा कुणासाठी थांबत नाही."

मला बसवले तेव्हा कृत्रिम पायांच्या केंद्रातल्या तेजस्विनी मॅडमनी ताईंना दिवसभर चालवले, जिनाही चढवला. मी तसूभर ढिला पडलो नाही. "एक नंबर पंप!" मॅडम म्हणाल्या. मला छाती असती तर ती फुगली असती.

आणि कंपनीत माझी फजिती झाली. जेवणाच्या सुट्टीआधीच कुठून तरी आत हवा शिरली. "पर्रर्र!" असा आवाज झाला. शेजारची निशिगंधा म्हणाली, "काय गं मंजे, सकाळी वाटाण्याची उसळ हाणलीस का?" सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. पण पुढच्या पावलांना पाय खोळीत खाली-वर होऊ लागला, कातडी सोलवटली आणि फळा पुढे निघून गेला. सर म्हणाले, "जखम भरू द्या. पुढच्या सोमवारी अजून एक चान्स. नाही जमलं, तर स्टोअर कायमचं."

केंद्रात नेले की मी शहाण्यासारखा वागायचो. घरी आणले की फुस्स! मॅडमनी झडप बदलली, स्लीव्ह बदलली. गुण नाही. ताईंच्या सासूबाई, शालनबाई, माझ्यावर डाफरल्या, "दिखाऊ मेला! डागतराम्होरं शाना, आन घरी आला की येडा!" माझी रवानगी कपाटावर झाली, पापडाच्या डब्याशेजारी.

तिथून देवघर दिसायचे. शालनबाई मंगळवार धरायच्या, पाण्याचा घोटसुद्धा संध्याकाळच्या दिव्यानंतर. हात जोडून हळूच म्हणायच्या, "आई, पोरीला तिच्या पायावर उभी कर." मित्रांनो, तो पाय कपाटावर धूळ खात होता, आणि मला खाली उडी मारता येत नव्हती.

रविवारी तेजस्विनी मॅडम स्वतः घरी आल्या. "इथंच घाला बरं, माझ्यासमोर."

मला कपाटावरून काढले. ताईंनी घुटमळत, साडीच्या आडून पाय चढवला, चार पावले टाकली आणि फुस्स! मॅडमनी त्यांच्या मांडीवरून स्लीव्ह खाली गुंडाळली आणि थबकल्या. खाली, स्लीव्हच्या काठालाच, काळा दोरा होता. शालनबाईंनी गावदेवीच्या पायाला लावून तो सुनेच्या मांडीला बांधला होता. त्याची लांब टोके स्लीव्हखाली दबून खोळीपर्यंत गेली होती, आणि त्यांच्या कडेकडेने हवा आत शिरत होती.

"केंद्रात हा कधी दिसला नाही!"

ताईंनी मान खाली घातली. "रिक्षात काढून पर्समध्ये ठेवायचे. म्हटलं, तुम्ही हसाल."

मॅडम हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आजी, हवेला केसाएवढी वाट पुरते."

शालनबाईंनी दोऱ्याची टोके बोटाने चाचपली. "म्हंजी मीच पाडत व्हते व्हय गं पोरीला?"

"असं नका म्हणू आत्या," ताई म्हणाल्या. पण दोरा सोडा, असे म्हणायला दोघींचीही जीभ रेटेना.

मग शालनबाईंनीच गाठ सोडली. दोरा कपाळाला लावला. पदराने माझी धूळ पुसली. "दोरा पायालाच बांधायचा न्हवं? मग ह्यो काय परक्याचा पाय हाय?" असे म्हणत त्यांनी तो माझ्या अंगाभोवती, बाहेरून, घट्ट बांधला. "आता धर हं पोरीला. सोडू नगंस."

सोमवार उजाडला. फळा सरकू लागला. टाच टेकली, मी हवा ओढली. टाच टेकली, मी हवा ओढली. जेवणाची सुट्टी गेली, चहा गेला. निशिगंधा कान देऊन म्हणाली, "आज उसळ नाही वाटतं?"

"आज सोमवार. उपास आहे," ताई म्हणाल्या, आणि सगळी लाइन खदखदली.

भोंगा झाला तेव्हा ताईंनी शेवटची जुडी बांधली आणि त्या फळ्याच्या बरोबरीनेच उभ्या होत्या. बायकांनी टेपची रिळे फळ्यांवर ताशासारखी बडवली. गणराज सरांनी दोन्ही हात वर केले. "हरलो बुवा! उद्यापासून लाइनवर, फर्स्ट शिफ्ट." घरी शालनबाईंनी दारातच ताईंवरून भाकरतुकडा ओवाळला. दोन्ही पायांवरून, बरं का!

आता माझे रबर जुने झाले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना रोज पुसा, घाम साचू देऊ नका. आणि एखादी वस्तू बिघडली, तर कपाटावर टाकण्याआधी ती जिथे राबते तिथे जाऊन एकदा पाहा. कुणाच्या दोऱ्याला हसू नका, म्हणजे तो कुणाला लपवावा लागणार नाही.

दर खंडेनवमीला शालनबाई मला विळी-कोयत्याशेजारी पाटावर मांडतात आणि नवा दोरा बांधतात. माझे एवढेच मागणे आहे, आजी: हळदकुंकू बाहेरून लावा, झडपेत नको. दसरा झाला की लगेच फर्स्ट शिफ्ट आहे.