तुफानबाईंचा प्रोसेसर

"दोष प्रोसेसरचा आहे," तुफानबाई म्हणाल्या आणि चारचौघांत भलतंच बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा तसं त्यांनी लॅपटॉपचं झाकण दाबलं.

समोरच्या खुर्चीत वकीलसाहेब बसले होते. त्यांचे केस काळे होते तेव्हापासूनची त्यांची सगळी शपथपत्रं या बाईंच्या बोटांखालून गेली होती. पूर्वी सकाळी दिलेलं काम ते दुपारी घेऊन जात. हल्ली सकाळी दिलेल्या कामाची ते दुपारी नुसती विचारपूस करत. आज तर अर्धंच शपथपत्र हातात पडलं होतं, आणि अर्ध्या शपथेवर कोर्ट विश्वास ठेवत नाही. पुढच्या आठवड्यात चांगला जाडजूड दावा दाखल करायचा आहे, तोवर मशीनचं काहीतरी बघा, नाहीतर नाइलाजाने दुसरीकडे द्यावा लागेल, असं त्यांनी अत्यंत मृदू आवाजात सांगितलं. ते गेले तेव्हा बाईंना आपल्यावर नोटीस बजावली गेल्यासारखं वाटलं.

'तुफान' हे नाव ऑफिसनं दिलेलं. बाई टाइपरायटरवर बसल्या की अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकत. दुरुस्तीवाला येऊन म्हणे, बाई, मशीनला श्वास तरी घेऊ द्या. पुढे कॉम्प्युटर आले, बाई निवृत्त झाल्या, घरी घेतलेली टायपिंगची कामं आणि नाव राहिलं. आणि टायपिंग क्लासमधला एक नियमही राहिला: नजर मूळ कागदावर. टाइप झालेल्या मजकुराकडे बघणं हे त्यांच्या लेखी शेजारच्याच्या पेपरात डोकावण्याइतकं हलकं होतं. त्यामुळे पडद्यावर अक्षरं उशिरा उमटतात का, हे त्यांनी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. काम उशिरा होतं एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि काम करणारे दोघंच होते, त्या आणि लॅपटॉप.

प्रोसेसर हा शब्द जावयानं फोनवरून पुरवला. लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन काय, असं त्यानं विचारलं तेव्हा बाईंनी "राखाडी" असं उत्तर दिलं. त्यावरून त्यानं प्रोसेसर कमकुवत असल्याचं निदान केलं. बाईंनाही ते मनापासून पटलं. लॅपटॉप घेताना त्यांनीच दुकानदाराला, स्वस्तातला दाखवा पण तसा दिसायला नको, असं सांगितलं होतं. प्रोसेसर म्हणजे आत बसलेला एक कारकून, तो एकेक अक्षर उचलून पडद्यापर्यंत नेऊन ठेवतो, आणि मध्येच कुठेतरी गप्पा मारत उभा राहतो, असं चित्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. असा एक कारकून त्यांनी ऑफिसात वर्षानुवर्षं पाहिला होता. बोटं थोडी अवघडतात हे त्या मान्य करत, पण ते की-बोर्ड सपाट असल्यामुळे.

त्यांचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. काटा खोटा की माल कमी, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सवयीनं ते म्हणाले, "पण प्रोसेसरच कशावरून?"

"मग काय मी?"

यजमान गॅलरीत गेले आणि कालच पाणी घातलेल्या कुंड्यांना त्यांनी पुन्हा पाणी घातलं.

तीन-चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. असल्या लॅपटॉपात नवा प्रोसेसर घालणं म्हणजे पडक्या भिंतीला सागवानी दार लावणं, असं बाई सकाळी म्हणत. संध्याकाळी त्याच म्हणत, की भिंत पडकी असली म्हणून दार नको का? यजमान दोन्ही वेळा मान डोलवत. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो प्रत्येक यंत्राला आधी कान लावी. त्यानं कान लावला, स्क्रू काढले आणि आतला एक चौकोन दाखवला. हा प्रोसेसर. बोर्डालाच पक्का जोडलेला आहे, निघत नाही. काढायचा तर अख्खा बोर्ड बदलायचा, आणि बोर्ड बदलायचा तर नवीन लॅपटॉपच का नको?

"म्हणजे कायम नोकरीतला आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरनं सांगितलं की सुरू व्हायला हा वेळ घेतो ते जुन्या डिस्कमुळे, ती बदलता येईल. पण टायपिंगला एवढा प्रोसेसर रगड झाला. टायपिंग हळू होतं म्हणता, तर जरा करून दाखवा.

काउंटरवर प्रिंटरच्या शाईचं माहितीपत्रक पडलं होतं. बाईंनी ते समोर टेकवलं, पाठ ताठ केली आणि नजर कागदावर रोवून सुरुवात केली. यजमान मागे उभे होते. त्यांची नजर पडद्यावर होती.

बोट पडत होतं आणि अक्षर उमटत होतं. पुन्हा बोट, पुन्हा अक्षर. उशीर होता तो दोन बोटांच्या मध्ये. करंगळी कळीवर जाऊन घुटमळत होती, शेजारचं बोट तिची वाट बघत होतं. यजमानांना दुसऱ्यांदा तोलून बघावं लागलं नाही. डॉक्टरच्याही ते ध्यानात आलं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचं लक्ष यजमानांकडे गेलं. एकेकाळी या नजरेनं भलेभले व्यापारी गप्प झाले होते. डॉक्टरनं तोंड मिटलं.

कुणीच बोलत नाही म्हणून बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या, आणि जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

बोट जिथे थांबलं होतं तिथेच अक्षर थांबलं होतं. त्यापुढे एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती, पुढचं सांगा म्हणणाऱ्या हुशार विद्यार्थ्यासारखी. बाईंनी एक अक्षर दाबलं. ते आलं. आणखी एक दाबलं. तेही आलं.

"हा तर हजर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"तसं नाही हो बाई," डॉक्टर घाईघाईनं म्हणाला, "जुनी मशीनं दुकानात नीट चालतात, घरी गेली की पुन्हा अंग टाकतात."

"डॉक्टर, नातेवाइकांशी खोटं बोलू नये. लावा झाकण. आहे तो प्रोसेसर राहू दे."

घरी येईपर्यंत पिशवी त्यांनी स्वतःच धरली. यजमानांनी दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दाव्याचे कागद आले. बाईंनी ते चाळले, सरळ केले, आणि वकीलसाहेबांना फोन लावून सांगितलं की मशीन तपासून आणलं, मशीनमध्ये काही खोट नाही. तेव्हा दावा दुसरीकडे दिलात तरी चालेल.

"मशीन ठीक आहे, मग अडचण कसली?" फोनमधून वकीलसाहेबांचा आवाज खोलीभर आला.

बाईंनी सरळ केलेले कागद पुन्हा सरळ केले.

"माझ्या डोळ्यांची," यजमान मागून मोठ्यांदा म्हणाले. "मी तिला वाचून दाखवतो ना. मलाच भरभर वाचता येत नाही हल्ली. सांग त्यांना."

त्यांनी आजवर बाईंना एक ओळही वाचून दाखवली नव्हती. शिवाय गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक तारीख त्यांनी सकाळीच बिनचष्म्यानं वाचली होती. वकीलसाहेबांना मात्र ही बाजू एकदम पटली. मशीनसाठी कुणी थांबत नाही हो, ते म्हणाले, डोळ्यांचं वेगळं. दावा पुढच्या सोमवारऐवजी त्याच्या पुढच्या सोमवारी दाखल केला तरी काही बिघडत नाही.

फोन ठेवल्यावर बाईंनी यजमानांकडे पाहिलं. आता पर्याय नव्हता. यजमानांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद हातभर लांब धरला.

"वादी... यांचे... म्हणणे..." ते थांबले. करंगळी घुटमळून कळीवर पोचली. "असे... की..."

"इतकंही हळू नको हो," कागद समोर नसल्यामुळे बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"बरं," यजमान म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांनी किंचित लवकर सोडला.