न खोकणारी कालवड

गोठ्यात सगळ्यात धडधाकट कोण, तर चांदी. कोपरखैरण्याच्या जुन्या गावात, भाड्यानं दिलेल्या बिल्डिंगच्या मागं, पुतळा आणि तिचा नवरा पंढरी यांनी हट्टानं टिकवलेला गोठा तो. एपीएमसीच्या भाजीबाजारातून आणलेला कोबीचा पाला चांदी असा फस्त करायची, की बघणाऱ्याचं पोट भरावं. बाकीची वासरं मात्र खोकून खोकून बेजार. तांबी न्यूमोनियानं गेली. आता ढवळी तापानं आडवी पडली होती.

पुतळानं दृष्ट काढली, शेक दिला, आणि वर आणखी एक शहाणपण केलं. आधी तांबीच्या, मग ढवळीच्या शेजारी तिनं चांदीला नेऊन बांधलं. तिच्या सोबतीनं दोन घास खातील, एवढाच बिचारीचा हिशेब.

जनावरांची डॉक्टर क्षिप्रा सगळ्या वासरांच्या कानाचे इवले तुकडे तपासायला घेऊन गेली होती. आज ती आली आणि थेट चांदीपुढं उभी राहिली.

"काकू, विषाणू हिच्यात आहे. हिच्याकडूनच बाकीच्यांना लागतोय."

बाईच्या हातून तुकड्यांची अदलाबदल झाली असणार, पुतळाच्या मनात आलं. "अवो, ही कदी शिंकली पन नाय. खोकतंय कोन नि तुमी धरताय कोनाला? चोर सोडून संन्याशाला फाशी."

क्षिप्रा उपड्या घमेल्यावर बसली. "ही पोटात असताना हिच्या आईला लागण झाली. तेव्हा हिच्या शरीराला आपलं-परकं कळत नव्हतं. विषाणूलाही ते आपलंच समजलं. म्हणून त्याच्याशी लढतच नाही. ढवळीचं शरीर लढतंय, म्हणून ताप. पण लढता लढता थकलंय, आणि खोकल्याच्या दुसऱ्या विषाणूंनी फुप्फुसं धरली."

"लढते ती मरते नि लढत नाय ती मजेत?" पुतळाच्या डोक्याचा पार भुगा झाला. "मंग आजारी कोन?"

"दोघी."

आता बोला. हे आणि कुठलं उत्तर?

"गोशालेत देऊ," पंढरी म्हणाला.

"तिथली वासरं आजारी पडतील."

"इकू?"

"घेणाऱ्याची पडतील. हिच्यावर औषध नाही, आणि किती जगेल तेही सांगता येत नाही. ढवळीला वाचवायचं तर हिला आत्ताच लांब न्या."

तांबीजवळ हिला आपणच बांधलं, हे पुतळाला तेव्हा उमगलं. चांदीचा राग यावा म्हणून तिनं तिच्याकडं पाहिलं. कालवड तिचा पदर चघळत होती. राग काही येईना.

बिल्डिंगखालचा एक गाळा रिकामा होता. पुतळानं दावं सोडलं.

"मानसाला लागतं काय?"

"नाही. पण हिला हात लावणाऱ्यानं ढवळीकडं जायचं नाही. एकीला एकानं सांभाळा."

पुतळा थबकली. ढवळीच्या तोंडात रात्रंदिवस घोट घोट पाणी सोडणारी तीच. तिनं ढवळीकडं पाहिलं, मग हातातल्या दाव्याकडं.

"ढवलीचं तुमी बगा," ती नवऱ्याला म्हणाली. "ती बरी झाली का तिला सगला गोठा हाय. हिला कोन हाय?"

आणि ती चांदीला घेऊन निघाली.